कोळशाच्या पोटातील दहा गुंठे

'कोळसा उगाळावा तितका काळाच' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. चंदन उगाळले तर सुगंध येतो, हळकुंड उगाळले तर रंग येतो, कोळसा मात्र काळ्यावाचून दुसरे काही देत नाही, असा तिचा भावार्थ. परंतु या म्हणीने कोळशावर थोडा अन्याय केला आहे. कोळसा स्वतः काळा राहतो हे खरे. पण दुसऱ्याच्या ठायी असलेला रंग, वास आणि विष आपल्या पोटात घेण्याचा जो गुण त्याच्या अंगी आहे, तो चंदनाजवळही नाही. घरातील पाणी गाळण्याच्या यंत्रापासून रुग्णालयातील विषबाधेच्या उपचारापर्यंत आणि साखरेच्या शुद्धीकरणापासून सैनिकाच्या मुखवट्यापर्यंत त्याचा हाच गुण आज माणसाच्या उपयोगी पडत आहे.

अशा कोळशाची एक नवी जात गेल्या काही दशकांत प्रयोगशाळांतून पुढे आली आहे. ती लाकडापासून किंवा नारळाच्या करवंटीपासून केलेली नसते, तर कृत्रिम धाग्यांच्या आणि प्लॅस्टिकच्या वर्गातील पदार्थांपासून केलेली असते. आणि तिच्या पोटात नत्राचे, म्हणजे नायट्रोजनचे, अणू मुद्दाम राखलेले असतात. तिला नत्रयुक्त सक्रियित कर्ब असे म्हणता येईल. हा पदार्थ कसा करतात, कशासाठी करतात, आणि त्याच्याकडून अपेक्षा किती ठेवावी, या तीन प्रश्नांचा आज आपण विचार करू या. मी व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ नव्हे. सरकारी कचेरीत कागद हाताळणारा मनुष्य आहे. तेव्हा माझे विवेचन जिज्ञासू आणि व्यवहारी माणसाचे असेल, हे श्रोत्यांनी ध्यानी घ्यावे.

प्रथम थोडा इतिहास. १७७३ साली शेले या स्वीडिश रसायनज्ञाला असे दिसून आले की, कोळसा वायू धरून ठेवतो आणि तापविला की तो सोडून देतो. पुढे १७८५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे लोव्हिट्झ याला आढळले की, गढूळ रंगाचे द्रावण कोळशाच्या भुकटीबरोबर ढवळले असता त्याचा रंग नाहीसा होतो. साखरेच्या कारखानदारांनी ही युक्ती लवकरच उचलली. १८५४ साली स्टेनहाउस या स्कॉटिश शास्त्रज्ञाने दूषित हवेपासून रक्षण करणारा कोळशाचा मुखवटा बनविला. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रेयको याने कोळसा वाफेच्या किंवा कर्बवायूच्या साहाय्याने, तसेच धातूंच्या क्लोराइडांच्या साहाय्याने, अधिक तीव्र करण्याच्या पद्धतींची पेटंटे घेतली. आणि येथून सक्रियित कर्बाचा उद्योग सुरू झाला. मग २२ एप्रिल १९१५ हा दिवस उजाडला. बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरिन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्की याने कोळशाचा लष्करी मुखवटा सिद्ध केला, आणि पुढे नारळाच्या करवंट्या व फळांच्या कोया यांना युद्धसाहित्याचे मोल आले.

आता कोळसा हे काम करतो तरी कसे? टिपकागद शाई शोषून घेतो, तसे हे शोषण नव्हे. शाई टिपकागदाच्या अंगभर पसरते. कोळशाच्या बाबतीत वायूचे किंवा रंगाचे रेणू केवळ त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. शास्त्रीय परिभाषेत यास अधिशोषण म्हणतात. म्हणजे सारा प्रश्न पृष्ठभागाचा आहे. जितका पृष्ठभाग अधिक, तितकी बसावयास जागा अधिक.

आणि येथेच कोळशाचा चमत्कार आहे. चांगल्या सक्रियित कर्बाच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे एका चिमटीत, सुमारे १,००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. महसुली भाषेत सांगावयाचे तर दहा गुंठे, अर्थात पाव एकर जमीन! काही विशेष प्रकारांत हा आकडा ३,००० चौरस मीटरपर्यंतही जातो. एवढी जमीन चिमटीत मावते ती कोळशाच्या पोटातील असंख्य छिद्रांमुळे. यांपैकी अत्यंत सूक्ष्म छिद्रे दोन नॅनोमीटरहूनही अरुंद असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मनुष्याच्या डोक्याचा एक केस यापुढे एखाद्या प्रचंड स्तंभासारखा भासेल. परंतु वायूचा रेणू या छिद्रापेक्षाही लहान असतो. तो आत शिरतो, दोन्ही बाजूंच्या भिंती त्याला ओढून धरतात, आणि तो तेथेच थांबतो. छिद्र जितके अरुंद, तितकी ही पकड घट्ट.

पण शेतकऱ्याला विचारा, दहा गुंठे म्हटले म्हणजे सर्व काही सांगून झाले काय? तो लगेच विचारील, जमीन कशी आहे? काळी की मुरमाड? तिच्यात नत्र किती, पालाश किती? कोळशाच्या पोटातील जमिनीलाही हाच प्रश्न विचारावा लागतो. शुद्ध कर्बाची भिंत एका अर्थी उदासीन असते. समोर येणाऱ्या रेणूंत ती फारसा भेद करीत नाही. तिला विशिष्ट पाहुण्यांची आवड लावावयाची असेल, तर भिंतीचा स्वभाव बदलावा लागतो. नत्राचा अणू हे काम करतो. कर्बाच्या जाळ्यातील षट्कोनाच्या कडेला कर्बाऐवजी नत्राचा अणू बसला, म्हणजे त्याच्याजवळ इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी शिल्लक राहते. त्यामुळे ती जागा किंचित अल्कधर्मी बनते, आणि अल्कधर्मी जागेला आम्लधर्मी वायूंचे आकर्षण असते. कर्बाम्ल वायू, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, तसेच गंधकाचे काही दुर्गंधी वायू हे या आम्लधर्मी वर्गातले आहेत.

आपल्याभोवतीच्या हवेत ७८ टक्के नत्र आहे. मग तोच कोळशात भरावा, असे कोणास वाटेल. परंतु हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांस इतके घट्ट धरून असतात की, तप्त भट्टीतही ते कोळशाकडे ढुंकून पाहत नाहीत. म्हणूनच तर कोळसा करताना भट्टीतील प्राणवायू घालवून तेथे नत्रवायू खेळविला जातो. तो पहारेकरी असतो, पाहुणा नव्हे. नत्र कोळशात आणावयाचा तर दुसरे मार्ग शोधावे लागतात. एक मार्ग असा की, तयार कोळशावर उच्च तापमानात अमोनिया वायू सोडावयाचा. यात नत्र मुख्यतः पृष्ठभागावर येतो. दुसरा मार्ग अधिक मूलगामी आहे. ज्याच्या रेणूतच नत्र आहे अशा पदार्थापासूनच कोळसा करावयाचा. म्हणजे नत्र पोटात आधीपासूनच सर्वत्र विखुरलेला असतो.

बहुवारिके, ज्यांना इंग्रजी शिकलेले लोक पॉलिमर म्हणतात, ती येथे उपयोगी पडतात. एकाच घटकाच्या शेकडो किंवा हजारो कड्या जोडून झालेली माळ म्हणजे बहुवारिक. आपण हिवाळ्यात वापरतो त्या कृत्रिम लोकरीतील मुख्य द्रव्य पॉलिअॅक्रिलोनायट्राइल हे असून त्यात भाराने सुमारे २६ टक्के नत्र असतो. न फुटणाऱ्या बशा ज्या मेलामाइन राळेच्या करतात, त्यातील मेलामाइनमध्ये तर दोन-तृतीयांश भार नत्राचा आहे. पॉलिपायरोल व पॉलिअॅनिलीन हीही याच कामी येणारी बहुवारिके होत. करवंटी निसर्गाची असते. तिच्यातील राख आणि इतर घटक जमिनीप्रमाणे व झाडाप्रमाणे बदलतात, आणि नत्र तर तिच्यात नाममात्रच असतो. बहुवारिक मात्र माणसाने घडविलेले असते. त्याचे घटक ठाऊक असतात, त्यात राख जवळजवळ नसते, आणि त्याला धागा, कापड किंवा गोळी असा हवा तो आकार आधीच देता येतो.

आता कृत्रिम लोकरीच्या त्या बहुवारिकाचा कोळसा कसा होतो ते पाहू. त्याच्या लांब माळेत एकाआड एका कर्बाला कर्ब व नत्र यांचा एक पदर लोंबत असतो. एकदम भडक आचेवर धरल्यास धागे एकमेकांस चिकटून सगळ्याचा गोळा होईल. म्हणून प्रथम २०० ते ३०० अंश तापमानात, हवेच्या सान्निध्यात, त्याला सावकाश तापवितात. या पायरीवर शेजारशेजारचे पदर एकमेकांचे हात धरतात आणि माळेची शिडी बनते. शिडीच्या प्रत्येक षट्कोनात एकेक नत्र अडकून बसतो. पांढरा धागा पिवळा, मग तपकिरी, आणि शेवटी काळा होतो. या क्रियेत उष्णता बाहेर पडते, म्हणून घाई केल्यास धागा जळून जाण्याची धास्ती असते. ओसाकाच्या सरकारी संशोधनसंस्थेतील अकिओ शिंदो यांनी १९५९ ते १९६१ या काळात याच मार्गाने कर्बतंतू तयार करून दाखविले. आज विमानांच्या बांधणीत वापरले जाणारे बहुतेक कर्बतंतू याच बहुवारिकापासून होतात.

दुसरी पायरी कर्बीकरणाची. प्राणवायू वर्ज्य करून ६०० ते १,००० अंशांपर्यंत तापमान नेले, म्हणजे हायड्रोजन व काही नत्र निरनिराळ्या वायूंच्या रूपाने निघून जातात. या वायूंत हायड्रोजन सायनाइडसारखे जालीम विषही असते. म्हणून भट्टीचा धूर मोकळ्या हवेत सोडून चालत नाही, तो शुद्ध करावा लागतो. मूळ पदार्थाच्या निम्म्याच्या आसपासच भार हाती उरतो. हा कोळसा झाला. पण त्याची दारे अजून बंद असतात.

ती उघडणारी तिसरी पायरी म्हणजे सक्रियण. जुनी पद्धत वाफेची. तप्त कोळशावर वाफ सोडली की ती थोडा थोडा कर्ब खाऊन छिद्रे पाडते. प्रयोगशाळांत अधिक रूढ असलेली पद्धत कॉस्टिक पोटॅशची आहे. कोळशाच्या एकपट ते चौपट भाराचे कॉस्टिक पोटॅश त्यात मिसळून ६०० ते ८०० अंशांवर तापवितात. ते वितळून कर्बाशी झुंजते; पोटॅशियमच्या वाफा कर्बाच्या थरांमध्ये घुसून त्यांना दूर सारतात. नंतर सौम्य आम्लाने व पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले, की पोटॅश निघून जाते आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. शेतकरी ज्याला पालाश म्हणतो त्याचाच हा उग्र भाऊबंद. जमिनीत तो पीक वाढवितो, येथे तो जमीनच वाढवितो.

आता खरी मेख येथे आहे. भट्टी जितकी तापवावी आणि पोटॅश जितके अधिक घालावे, तितकी छिद्रे वाढतात. परंतु त्याच प्रमाणात नत्र उडून जातो. आरंभी एक-चतुर्थांशाहून अधिक असलेला नत्र शेवटी बहुधा दहा टक्क्यांच्या आत येतो, आणि आच फार चढली तर एक-दोन टक्केही राहत नाही. छिद्रे हवीत तर नत्र जातो. नत्र राखावा तर छिद्रे अपुरी राहतात. दोन्ही लाभ एकदम पदरात पडत नाहीत. या विषयावरील पुष्कळसे संशोधन म्हणजे या दोहोंमधील तडजोडीचा बिंदू शोधण्याचा खटाटोप आहे. शिवाय उरलेला नत्रही सर्व एकाच जातीचा नसतो. षट्कोनाच्या कडेवर बसलेला, पंचकोनात बसलेला आणि जाळ्याच्या मध्यभागी तीन कर्बांनी वेढलेला, असे त्याचे मुख्य तीन प्रकार असून प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. क्ष-किरणांच्या एका परीक्षेने त्यांचे प्रमाण ओळखता येते. तेव्हा 'नत्र पाच टक्के' एवढे सांगणे म्हणजे कचेरीत पाच माणसे आहेत एवढेच सांगणे होय. त्यांत कारकून किती आणि शिपाई किती, हे त्यावरून समजत नाही.

अशा कोळशाचे उपयोग अनेक आहेत. काही शहरांत पाणी निर्जंतुक राखण्यासाठी क्लोरामाइन वापरतात. साधा कोळसा ते सावकाश काढतो, नत्रयुक्त कोळसा त्वरेने मोडतो. गटारातील हायड्रोजन सल्फाइडचे गंधकात रूपांतर करण्यासही तो मदत करतो. मात्र येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. कोळशाचा मुखवटा विषारी वायू अडवितो, प्राणवायू निर्माण करीत नाही. बंद गटारात प्राणवायूच नसेल तर असा मुखवटा घालून आत उतरलेल्या माणसाचा जीव वाचणार नाही. संरक्षणावाचून माणसास गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने आपल्याकडे निषिद्ध आहे. नव्या पदार्थाचे नाव पुढे करून ती जबाबदारी कोणालाही टाळता येणार नाही. विजेच्या क्षेत्रातही या पदार्थाकडे लक्ष गेले आहे. विद्युत्‌भार झटपट साठविणाऱ्या साधनांच्या पट्ट्यांत तो वापरून पाहिला जातो. २००९ साली अमेरिकेत डेटन येथील संशोधकांनी असे दाखविले की, इंधनघटात प्राणवायूवर प्रक्रिया करणाऱ्या महागड्या प्लॅटिनमचे काम, अल्कधर्मी द्रावणात, कर्बाच्या नत्रयुक्त सूक्ष्म नळ्याही करू शकतात.

परंतु सर्वांत मोठी आशा आहे ती औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील कर्बाम्ल वायू पकडण्याची. स्पेनमधील ओव्हिएदो येथील संशोधकांनी २०११ साली पॉलिपायरोलपासून केलेला कोळसा प्रसिद्ध केला. शुद्ध कर्बाम्ल वायूत, वातावरणाच्या दाबाला आणि २५ अंश तापमानाला, त्याच्या एका ग्रॅमने सुमारे १७० मिलिग्रॅम वायू धरला. हा आकडा फार चांगला समजला जातो. आता तो आपल्या घरापर्यंत आणून पाहू.

कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एक युनिट वीज निर्माण करताना साधारणपणे एक किलोच्या आसपास कर्बाम्ल वायू बाहेर पडतो. वरील हिशेबाने तो एकदा धरून ठेवण्यास सुमारे सहा किलो नत्रयुक्त कोळसा लागेल. चंद्रपुरात आहेत तसा ५०० मेगावॉटचा एकच संच घेतला, तरी तासाला पाच लाख युनिटे, म्हणजे अंदाजे ५०० टन वायू. आणि त्यासाठी ३,००० टन कोळसा! तोच कोळसा दर दहा मिनिटांनी भरून रिकामा करता आला, तर हे प्रमाण ५०० टनांवर येईल. पण धुरात हा वायू शुद्ध नसतो, आठव्या हिश्शाच्या आसपासच असतो. त्यामुळे कोळशाची धारणशक्ती बरीच घटते. धुरात पाण्याची वाफ असते, तीही नत्राच्या जागा अडवू पाहते. म्हणजे लागणारा कोळसा आणखी वाढणार.

याखेरीज शास्त्रज्ञांत एक प्रामाणिक वादही आहे. काहींनी दाखवून दिले आहे की, वातावरणाच्या दाबाला कर्बाम्ल वायू किती धरला जाईल हे मुख्यतः एका नॅनोमीटरहून अरुंद अशा छिद्रांवर अवलंबून असते. नत्र मुळीच नसलेला कोळसाही तितकेच काम करतो. इतरांचे म्हणणे असे की, वायू विरळ असताना आणि तो हवेतील नत्रापासून निवडून काढावयाचा असताना पेरलेल्या नत्राचा उपयोग होतो. दोन्ही बाजूंत तथ्य असावे. पण यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नत्र घातला म्हणजे काम झालेच, असे समजण्याचे कारण नाही.

तर मग हा सारा खटाटोप व्यर्थ आहे काय? तसे मुळीच नाही. आज या कामी जी अमाइनची द्रावणे वापरली जातात, ती वायू धरतात खरी. परंतु पुन्हा सोडावयास लावण्यासाठी सारे द्रावण सुमारे १२० अंशांपर्यंत तापवावे लागते, आणि वीजकेंद्राच्या उष्णतेचा मोठा वाटा त्यातच खर्च होतो. कोळशाची पकड त्या मानाने सैल असते. दाब कमी केला किंवा थोडी ऊब दिली, तरी तो वायू सोडतो आणि पुन्हा कामास सिद्ध होतो. अत्यंत घट्ट धरणारा नव्हे, तर योग्य तेवढे धरून योग्य वेळी सोडणारा पदार्थ येथे हवा असतो. त्या दृष्टीने हा कोळसा विचार करण्याजोगा आहे, यात शंका नाही.

म्हणून माझ्यासारख्या कागदावर सही करणाऱ्या माणसाला, आणि उद्या अशा पदार्थांवर ज्यांचा पैसा खर्च होणार आहे त्या सर्व नागरिकांना, चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. पृष्ठभाग किती गुंठे, हा पहिला. पण तो केवळ पहिला. छिद्रे कोणत्या मापाची आणि नत्र कोणत्या जातीचा, हा दुसरा. खऱ्या धुरात किंवा खऱ्या पाण्यात, हजार वेळा भरून रिकामा केल्यानंतर, तो किती काम करतो, हा तिसरा. आणि चौथा प्रश्न हिशेबाचा: ते बहुवारिक खनिज तेलापासून करण्यात, भट्ट्या तापविण्यात, पोटॅश घालण्यात आणि धुण्यात जेवढा कर्बाम्ल वायू बाहेर पडला, त्याहून अधिक तो आपल्या आयुष्यात पकडतो काय? औषध करण्यातच रोग वाढत असेल, तर ते औषध कसले?

प्रयोगशाळेतील कुपीत ग्रॅमभर पदार्थ तयार होतो आणि वीजकेंद्राला तो हजारो टन लागतो. या दोहोंमधील वाट लांब आहे आणि ती केवळ रसायनशास्त्राने सरणारी नाही. तेथे भट्टी बांधणारा, हिशेब ठेवणारा आणि नेमके प्रश्न विचारणारा, अशा सर्वांचे काम आहे. कोळशाच्या पोटात दहा गुंठे जमीन आहे हे शास्त्राने सिद्ध केले आहे. तिच्यात काय पेरावे आणि त्याला कोणते पीक येईल, हे ठरविण्याचे काम अद्याप चालू आहे.